गुलाबाला अर्धं ताट

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. ‘वसंत आला, गुलाबाला खत घातलंत का?’ वर दव पडलेला लालभडक गुलाब, खाली यादी. बोनमील दोन मुठी, एप्सम सॉल्ट दोन चमचे, केळीच्या साली, चहाचा चोथा आणि वरून एन-पी-के. मला तो एकाच दिवशी तीन ग्रुपवरून आला. एक कॉलेजचा, एक जुन्या ऑफिसचा आणि एक सोसायटीचा, जिथे एरवी फक्त टँकर कधी येणार याचीच चर्चा चालते.

पाठवणाऱ्यांचा दोष नाही. जानेवारी-फेब्रुवारीत निम्म्या मित्रमंडळींच्या घरी गुलाब येतोच. कुणाला व्हॅलेंटाइनला बुकेऐवजी रोप मिळतं. कुणी एम्प्रेस गार्डनचं प्रदर्शन बघून इतकं चार्ज होतं की परतताना डिकीत दोन कुंड्या असतात. कुणी सोलापूर रोडवर सोरतापवाडीला ‘फक्त बघायला’ थांबतं. रोप येताना तीन-चार कळ्या घेऊन येतं. त्या उमलतात, त्यांचे फोटो होतात आणि मग सगळं थंडावतं. मार्च उजाडतो, खालची पानं पिवळी पडतात आणि मंडळी घाबरून खत घालायला लागतात. ऑफिसात प्रोजेक्ट लटकला की बॉस त्यावर आणखी चार माणसं टाकतो ना, अगदी तसं.

एप्रिलच्या मध्यावर कुंडीत काडी उरते.

तर मंडळी, या यादीची गोची अशी आहे की ती मुळात इंग्लंड-अमेरिकेतल्या बागांसाठी लिहिलेली आहे. तिकडे गुलाब हिवाळाभर झोपतो. पानं गळतात, नुसत्या काट्यांच्या काड्या राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटणी होते, मार्चअखेरीस डोळे फुटायला लागतात आणि समोर चार-पाच महिन्यांचा सुखाचा उन्हाळा असतो. इतक्या दिवसांच्या उपाशी झाडाला तेव्हा भरपेट वाढणं बरोबरच आहे. उलट तिकडे उन्हाळ्याच्या शेवटी खत बंद करतात, कारण तेव्हा फुटलेली कोवळी पालवी पुढच्या हिमानं जळते.

आपल्याकडे गुलाब झोपतच नाही. पुण्यातला गुलाब पावसाळ्यात चिडचिडा असतो, पानांवर काळे ठिपके घेऊन कसाबसा दिवस काढतो. दसऱ्याच्या आसपास पाऊस हटला की त्याची खरी छाटणी होते, आणि तिथून त्याचं वर्ष सुरू होतं. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवस. म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यावर कात्री लावली की डिसेंबरमध्ये बहर. आपल्या गुलाबाचा वसंत ऑक्टोबरात येतो, बॉस! भरलेलं ताट तेव्हा वाढायचं. पंचांगातला वसंत येतो तोवर त्याचे दोन बहर होऊन गेलेले असतात, आणि पुढ्यात काय? चाळिशीला टेकणारा एप्रिल.

या पंचेचाळीस दिवसांच्या हिशोबावर आपल्या शेजारच्या मावळातलं सगळं गणित उभं आहे. तळेगाव-मावळातले पॉलिहाउसवाले चौदा फेब्रुवारीचं फूल डिसेंबरातच ठरवतात. तेव्हा छाटणी, तेव्हापासून ठिबकमधून मोजून-मापून खत, आणि जानेवारीच्या शेवटी परदेशी जाणारे खोके भरायला सुरुवात. आपण ज्या दिवशी गुलाब हातात घेऊन फोटो काढतो, त्या दिवशी मावळात सीझन संपत आलेला असतो. आपल्या बाल्कनीतल्या रोपाला मात्र आपण त्यानंतर खायला घालायला निघतो.

मग मार्चमध्ये काहीच घालायचं नाही का? घालायचं. पण अर्धं ताट.

हा शब्द माझा नाही, आमच्या काकूंचा. मी ज्यांच्याकडे वरच्या मजल्यावर भाड्याने राहते त्या घरमालकीणबाई. रिटायर्ड बँकवाल्या, वय चौऱ्याहत्तर, आणि गुलाब एकूण नऊ. पाच कुंडीत, चार जमिनीत. त्यांच्याकडे खताची वही आहे. कुठल्या झाडाला कधी काय घातलं ते तारखेनिशी, डेबिट-क्रेडिटसारख्या दोन कॉलमांत. डावीकडे घातलं ते, उजवीकडे फुलं आली ती. मी आयटीतल्या मित्राला त्याचा फोटो पाठवला तर तो म्हणाला, आमच्या मॅनेजरला दाखव.

काकूंचं अर्धं ताट असं. फेब्रुवारीअखेरीस सुकलेली फुलं खालच्या सशक्त पाच-पानी फांदीपर्यंत उतरवून घ्यायची. ही हलकी कटाई, ऑक्टोबरसारखी कत्तल नव्हे. आदल्या संध्याकाळी पाणी द्यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी खुरप्यानं वरची दीड-दोन इंच माती भुसभुशीत करायची, त्याहून खोल नाही, कारण अन्न खाणारी पांढरी मुळी वरच्याच थरात असते. बारा इंची कुंडीला दोन मुठी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक मूठ निंबोळी पेंड. हे सगळं खोडाला चिकटवून नाही, कुंडीच्या कडेच्या बाजूनं. वर पुन्हा पाणी. आणि त्यावर उसाचं पाचट किंवा वाळकी पानं, माती दिसणार नाही इतकी.

रासायनिक खत घालायचंच असेल तर पाण्यात विरघळणारं एकोणीस-एकोणीस-एकोणीस. एरवी लोक लिटरला दोन ग्रॅम घेतात, काकू मार्चमध्ये एक ग्रॅमवर येतात, दोन-तीन आठवड्यांनी एकदा, तेही ओल्या मातीत आणि उन्हं उतरल्यावर. पारा अडतीसच्या वर गेला की डबा माळ्यावर. मग जूनमध्ये पाऊस नीट पडेपर्यंत फक्त पाणी आणि सावली.

हा कंजूषपणा का? कारण खत म्हणजे शेवटी क्षार. उन्हाळ्यात कुंडी तापते, पाणी उडून जातं आणि क्षार मातीतच राहतात, दिवसेंदिवस दाट होत जातात. एका मर्यादेनंतर मुळांना पाणी ओढून घेणंच जड जातं. पानांच्या कडा करपतात, आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं किंवा खत कमी पडलं. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसली तर समजावं की जेवण जास्त झालंय. अशा वेळी खत नाही, भरपूर साधं पाणी घालून ते तळाच्या भोकातून वाहून जाऊ द्यायचं, दोन-तीनदा. दुसरं म्हणजे नत्र. युरियात ते सेहेचाळीस टक्के असतं, त्यामुळे चिमूटभरानंही झाड पटकन हिरवंगार होतं. सही वाटतं! पण ती पालवी लुसलुशीत असते. मावा आणि फुलकिडे अशीच पालवी शोधत असतात, आणि ऊन लागलं की तीच आधी माना टाकते.

आता त्या यादीतल्या एकेका मानकऱ्याकडे बघू.

बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा. त्यातलं स्फुरद मोकळं व्हायला माती आम्लधर्मी लागते. आपली दख्खनची काळी माती चुनखडीची, अल्कधर्मी. तिच्यात बोनमीलचा फारसा उपयोग होत नाही, नुसतं पडून राहतं. कोकणात किंवा महाबळेश्वरच्या बाजूला लाल माती असेल तर गोष्ट वेगळी.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. झाडात मॅग्नेशियम कमी असेल तर औषध, नसेल तर आणखी एक क्षार. व्हिटॅमिनच्या गोळ्यांसारखंच आहे हे, सगळे घेतात म्हणून आपणही.

केळीची साल. पालाश असतं, खरं आहे. पण साल कुजल्याशिवाय ते मुळांना मिळत नाही. नुसती मातीवर ठेवलीत तर चिलटं येतील. कंपोस्टच्या डब्यात टाका, छान काम करेल.

चहाचा चोथा. परदेशी यादीत तो बिनसाखरेचा, बिनदुधाचा असतो! आपला चहा म्हणजे आलं, वेलची, दूध आणि दोन चमचे साखर. तो चोथा तसाच घातला की कुंडीत मुंग्यांची वसाहत. आधी धुवायचा, वाळवायचा. इतकं करायला वेळ असेल तर मग तोही कंपोस्टलाच.

आणि पिवळी पानं. यावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण मार्चमधली निम्मी खतं या एका भीतीपोटी घातली जातात. सगळं पिवळं म्हणजे भूक नव्हे. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी होत असतील तर नत्र कमी असू शकतं, किंवा नुसतं पाणी जास्त झालेलं असतं. कोवळी, शेंड्याची पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे नेहमीचंच. लोह मातीत असतं, पण झाडाला घेता येत नाही. अशा वेळी युरिया घालून काहीच होत नाही, चिलेटेड लोह मिळतं ते लागतं. थोडक्यात, पान वरचं की खालचं एवढं बघायला दहा सेकंद लागतात. ते न बघता खताची पिशवी फोडायची नाही.

अजून एक गंमत, खरं तर गंमत नव्हे. मैत्रिणीकडे गेले होते, तिच्या गॅलरीत गुलाब तरारून वाढलेला, सहा फूट. ‘खत मानवलंय ना!’ ती खूष. फूल मात्र वर्षभर नाही. बघितलं तर मूळ कलम केव्हाच वाळून गेलेलं, आणि वाढत होता तो खालचा खुंट. नर्सरीतला गुलाब म्हणजे दोन झाडं असतात. खाली रानगुलाबाचा दणकट खुंट, वर डोळा भरून बसवलेला आपला देखणा वाण. सांध्याच्या खालून फुटवा आला की तो खुंटाचा. तो काढला नाही तर तुमचं सगळं खत तोच खातो. त्याला सात-सात पानं असतात म्हणून ओळखा असं सांगतात, पण ते नेहमी खरं नसतं. खूण एकच पक्की, फुटवा सांध्याच्या वरून आलाय की खालून. मार्चमध्ये खत घालण्याआधी गुडघ्यावर बसून एवढं बघाच.

हे सगळं मी काकूंच्या मागे मागे फिरून शिकले, आणि यंदा ते वेगळ्याच कारणानं. आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला चाललीय. एकतीस मेपर्यंत जागा खाली करायची. बिल्डरच्या माणसानं चकचकीत ब्रोशर दिलं, त्यात सातव्या मजल्याइतक्या उंच पोडियमवर ‘थीम गार्डन’ आहे. काकूंनी चष्मा लावून ते नीट वाचलं आणि एकच प्रश्न विचारला, “माती किती फूट?” त्याला माहीत नव्हतं.

काकूंना तीन वर्षं भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढायची आहेत. चौथा मजला, पश्चिमेची टेरेस. कुंडीतले पाच गुलाब टेम्पोतून जातील. प्रश्न होता जमिनीतल्या चारांचा.

त्यातले तीन तसे लहान, चार-पाच वर्षांचे. ते काकूंनी पावसाळ्यात हलवले असते, पण जूनपर्यंत थांबायची सोय नाही. मग जानेवारीतच तयारी सुरू झाली. खोडापासून फूटभरावर गोल आखून पहारीनं अर्ध्या बाजूची मुळं तोडली, पंधरा दिवसांनी उरलेल्या बाजूची. तोडलेल्या जागी आत नवीन पांढरी मुळी फुटते, मग झाड उचलताना धक्का कमी बसतो. फेब्रुवारीच्या मध्यावर एका संध्याकाळी मातीच्या गोळ्यासकट तिन्ही उपटले. गोणपाटात बांधून घमेल्यातून कुंड्यांपर्यंत नेले. मी आणि वॉचमन दादा हमाल, काकू सुपरवायझर. वरच्या फांद्या निम्म्यानं कमी केल्या, आणि कुंड्या जिन्याखालच्या सावलीत.

आणि या तिघांना खत? शून्य. शेणखतही नाही. ताट अर्धंसुद्धा नाही. तुटलेल्या मुळांना खत लागलं तर ती भाजतात. नवीन पालवी तांबूस फुटून हिरवी होईपर्यंत, म्हणजे निदान महिना-दीड महिना, फक्त बेतानं पाणी. शेजारच्या काकांनी प्रेमानं डीएपीचा डबा आणून दिला होता, “टॉनिक द्या, टॉनिक!” काकूंनी तो थँक्यू म्हणून घेतला आणि कपाटात ठेवला. पेशंट आयसीयूतून बाहेर आला की लगेच बासुंदी-पुरी वाढायची का, असं मला नंतर ऐकवलं.

चौथं झाड ग्लॅडिएटर. जुन्या पुणेकरांच्या बागांमधला हा हुकमी लाल गुलाब. अमेरिकेत १९५५च्या सुमारास आला आणि आपल्याकडे असा रुळला की नर्सरीवाले अजूनही ‘ग्लॅडिएटर’ म्हटलं की न विचारता बोट दाखवतात. काकूंचा हा घर घेतलं त्या वर्षीचा, १९८९चा. काकांनी लावलेला. खोड माझ्या मनगटाहून जाड, भिंतीच्या पायाला टेकलेलं, मुळं पार पायरीखाली गेलेली. तो उपटता येणार नाही, हे काकूंना बघताक्षणी माहीत होतं. तरी त्यांनी ओळखीच्या नर्सरीवाल्याला बोलावून खात्री करून घेतली. त्यानं खोडाभोवती एक चक्कर मारली आणि मान हलवली.

पण जानेवारीतच त्याच्याकडून त्यांनी डोळे भरून घेतले. ग्लॅडिएटरच्या जाडसर फांदीवरचे सहा डोळे, सहा खुंटांवर. इंग्रजी टीच्या आकाराची चीर, त्यात डोळा सरकवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी. तीन आठवड्यांनी चार जगले. आता त्यांच्या खुंटाचे वरचे शेंडे कापलेत आणि डोळ्यांतून बोटभर लाल कोंब आलेत. त्यांनाही अजून खत नाही. कोंब वीतभर होऊ दे, मग गांडूळखताची एक मूठ, असं वहीत लिहिलंय.

तर हिशोब असा झाला. कुंडीतल्या पाचांना अर्धं ताट, उपटलेल्या तिघांना लंघन, चार बाळांना वीतभर होईपर्यंत नुसतं पाणी. राहिला मोठा. ज्या झाडावरून जूनमध्ये जेसीबी फिरणार, त्याला खत घालायचं की नाही?

मी आपलं प्रॅक्टिकल बोलले. म्हटलं, काकू, पेंड वाचवा, टेरेसवर लागेल. त्यांनी उत्तर दिलं नाही. रविवारी सकाळी त्यांच्या खुरप्याचा आवाज आला म्हणून खाली गेले, तर ग्लॅडिएटरभोवती गोल आळं खणलेलं, आणि शेणखताचं पूर्ण घमेलं, निंबोळी पेंड, थोडी सरकी पेंड असं सगळं ऑक्टोबरच्या मापानं मांडून ठेवलेलं.

“एवढं?” मी विचारलं.

“अगं, निघताना कुणाला उपाशी पाठवतो का आपण? ते पाण्याचं पाइप आण इकडे.”

शास्त्राच्या दृष्टीनं बघितलं तर यात चूक काहीच नव्हती, हे मला नंतर लक्षात आलं. हे झाड जमिनीत आहे, कुंडीत नाही. मुळं खोल, माती थंड, क्षार साचायची भीती कमी. उन्हाचा त्रास पुढच्या हंगामात दिसतो, आणि त्याला पुढचा हंगाम नाही. मार्चचं अर्धं ताट असतं ते झाडाला उन्हाळ्यातून पार नेण्यासाठी. याला फक्त एप्रिलपर्यंत पोचायचंय.

भारतातल्या गुलाबावर ‘द रोझ इन इंडिया’ हे पुस्तक डॉ. बी. पी. पाल यांनी लिहिलं. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक, व्यवसायानं गव्हाचे शास्त्रज्ञ, आणि गुलाबाचे कितीतरी देशी वाण त्यांच्या नावावर आहेत. काकांची जुनी प्रत काकूंकडे आहे, कव्हर सुटलेलं. ती त्यांनी परवा मला दिली, वाचून परत करायच्या बोलीवर. त्यात खताच्या पानावर पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्या काकांच्या.

परवाच ग्लॅडिएटरच्या खालच्या फांदीवर पहिली तांबूस पालवी दिसली. पंचेचाळीस दिवस धरले तर एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फूल यावं. उन्हामुळे ते डिसेंबरच्या फुलापेक्षा लहान असेल, पाकळ्या कमी आणि दोन दिवसांत उघडून मोकळं, हे काकूंनी आधीच सांगून ठेवलंय. वहीत डावीकडे तारीख पडलीय. उजवा कॉलम रिकामा आहे. आणि टेम्पोवाल्याला त्यांनी पंचवीस मे सांगितलाय, सकाळी सातच्या आत, कारण कुंड्यांना ऊन लागता कामा नये.